अनारशावरची खसखस आणि कोर्ट मार्शल : सैनिकाच्या नमुन्याचा कायदेशीर इतिहास

कारंजा (घाडगे) तालुक्यातील एक शिपाई दिवाळीच्या रजेवर घरी आला आहे, असे समजू. हे कारंजा वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) नव्हे. घरी खसखशीवर थापलेले अनारसे झाले आहेत. शिपाई मनसोक्त खातो, रजा संपवून पलटणीत परततो, तपासणीसाठी लघवीचा नमुना देतो आणि काही दिवसांनी अहवाल येतो : अफूजन्य द्रव्याचा अंश आढळला.

प्रसंग काल्पनिक आहे, त्यातले विज्ञान मात्र खरे आहे. खसखस ही अफूच्या बोंडातली बी. तिच्या दाण्यांवर बोंडातील चिकाचा अंश राहू शकतो आणि त्यातून मॉर्फीन व कोडीन लघवीत उतरू शकते. याच कारणास्तव अमेरिकेने सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीतील अफूजन्य द्रव्यांची मर्यादा १९९८ साली एका मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याचीच सूचना दिली.

आता त्या शिपायाच्या हाती काय उरते? ‘मी काही घेतलेले नाही’ हे त्याने कोणासमोर सांगायचे, आणि सांगितले तर ते ऐकून घेण्यास कोण बांधील आहे? या प्रश्नाचे उत्तर भारतात सव्वाशेहून अधिक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी घडले आहे. नवल असे की त्यातला महत्त्वाचा भाग सैनिकांच्या खटल्यांतून आलेला नाही. तो मुंबई राज्यातील दारूबंदीच्या खटल्यांतून आला.

सुरुवात १८९३ पासून करावी लागते. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि कारंजा आर्वी तहसिलीत. याच मध्य प्रांतात, खांडव्याच्या परिसरात, सरकारी परवान्याखाली गांजा पिकत असे. आयोगाने १,१९३ साक्षीदारांची मते नोंदवली. देशी पलटणींकडून आलेली उत्तरे इतकी होती की त्यांचा स्वतंत्र पुरवणी खंड छापला गेला. शिपाई गांजा ओढतात का, ओढत असल्यास त्याचा शिस्तीवर काय परिणाम होतो, हे तेव्हा पलटणीच्या अधिकाऱ्याने आपल्या अनुभवावरून सांगायचे. प्रयोगशाळेची चाचणी नव्हती. अधिकाऱ्याची नजर हीच चाचणी.

आयोगाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र पलटणींविषयी नाही, वेड्यांच्या इस्पितळांविषयी आहे. १८९२ साली देशभरातील अशा इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण म्हणून नोंदवहीत गांजा-भांग लिहिलेले होते. आयोगाने हा आकडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. एकेका रुग्णाच्या गावापर्यंत चौकशी पोहोचवली. तेव्हा दिसले की पुष्कळदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने अंदाजाने सांगितलेले कारण कारकुनाने लिहून घेतले होते. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली, आणि त्यांतही ३७ मध्ये दुसरी कारणे मिसळलेली होती. सरकारी रकान्यात लिहिलेले कारण आणि सिद्ध झालेले कारण यांतील अंतर इतक्या काटेकोरपणे मोजण्याचा असा प्रयत्न त्या काळात विरळा. पुढे ज्याला ‘वादग्रस्त चाचणी’ म्हणू लागले, तिचा हा पूर्वज मानण्यास हरकत नाही.

शिपायाच्या वाट्याला ही काटेकोर छाननी आली नाही. त्याच्यासाठी निराळे यंत्र उभे राहिले होते. १८५७ च्या उठावानंतर कमांडिंग ऑफिसरच्या हाती त्वरित शिक्षेचे व्यापक अधिकार देण्यात आले. १८६९ चे इंडियन आर्टिकल्स ऑफ वॉर, मग १९११ चा इंडियन आर्मी ॲक्ट आणि स्वातंत्र्यानंतरचा १९५० चा आर्मी ॲक्ट, अशा वाटेने ‘समरी कोर्ट मार्शल’ ही व्यवस्था आजपर्यंत टिकून आहे. तिची रचना तरुण वाचकाला अविश्वसनीय वाटेल. न्यायालय म्हणजे एकटा कमांडिंग ऑफिसर. आणखी दोघे हजर असतात, परंतु त्यांना शपथ दिली जात नाही आणि निकालात त्यांचे मत नसते. हुद्दा लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल, तर हा एकटा अधिकारी शिपायाला एक वर्षापर्यंत कारावास देऊ शकतो, नोकरीतून बडतर्फही करू शकतो. वरिष्ठांच्या शिक्कामोर्तबाची वाट न पाहता शिक्षेची अंमलबजावणी होऊ शकते. आरोपी आपल्या सोबत सल्लागार आणू शकतो, वकीलसुद्धा. मात्र १९५४ च्या आर्मी रूल्समधील १२९ वा नियम सांगतो की या सोबत्याने प्रश्न सुचवावेत, साक्षीदाराला स्वतः विचारू नयेत आणि न्यायालयापुढे भाषणही करू नये. प्रयोगशाळेच्या अहवालावरील उलटतपासणी अशा वेळी शिपायालाच करावी लागते. दहावी-बारावी शिकून भरती झालेल्या तरुणाने रसायनशास्त्राच्या तज्ज्ञाला काय विचारावे?

त्यात गुन्ह्याची व्याख्याही सैल. आर्मी ॲक्टच्या ४८ व्या कलमाने नशेच्या अवस्थेत आढळणे हा गुन्हा ठरवला आहे, मग सैनिक ड्युटीवर असो वा नसो. ड्युटीवर किंवा प्रत्यक्ष मोहिमेवर असताना शिपायाला दोन वर्षांपर्यंत कारावास, एरवी सहा महिन्यांपर्यंत. परंतु ‘नशेची अवस्था’ म्हणजे रक्तात किती अल्कोहोल, याचा आकडा या कलमात नाही.

हा आकडा नागरी कायद्यात कसा आला, ही कथा मुंबईत घडली.

१९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याला फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. घटनेच्या अभ्यासकांना हा खटला राज्यांच्या अधिकारांसाठी ठाऊक असतो. सैनिकांच्या दृष्टीने त्यातील दुसराच मुद्दा महत्त्वाचा आहे. कायद्याने लष्करी व नौदलाच्या मेस आणि कँटीनना विदेशी मद्याची सवलत देण्याची मुभा ठेवली होती. सामान्य नागरिकाला बंदी आणि सैनिकाला सवलत, हा समतेचा भंग नव्हे काय? उच्च न्यायालयाला तो भंग वाटला, सर्वोच्च न्यायालयाला वाटला नाही. सैन्य हा वेगळा वर्ग मानता येतो, असे त्याने ठरवले. अर्थात सवलत मेसला आणि कँटीनला होती. रजेवर घरी ओसरीवर बसलेल्या शिपायाला ती आपोआप चिकटत नव्हती. बलसारा खटल्यातच न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली : अल्कोहोलयुक्त औषधांच्या सेवनावरील बंदी तिने घटनाबाह्य ठरवली. पुढचा सारा गुंता तिथून सुरू झाला.

कारण त्याच महिन्यात, मे १९५१ मध्ये, मुंबईच्या रस्त्यावर एक जीप पादचाऱ्यांना धडकली. चालक होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, प्रादेशिक परिवहन खात्यातले अधिकारी. डॉक्टरांनी तपासले. श्वासाला अल्कोहोलचा वास होता, परंतु बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालता येत होते. पेसिकाकांचे म्हणणे, आपण अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते. आता सिद्ध कोणी करायचे? आरोपीने, की ते औषधच होते? की सरकारने, की ती बंदी असलेली दारूच होती? १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की भार सरकारवर आहे, आणि पेसिकाका सुटले. नुसता वास म्हणजे गुन्हा नव्हे, हे त्यातून पक्के झाले.

सरकारला ही पळवाट वाटली. ती बुजवण्यासाठी १९५९ चा बारावा मुंबई अधिनियम आला, आणि इथे कारंज्याचा या कथेत थेट प्रवेश होतो. वर्धा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. तोवर इथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९३८ चा निराळा दारूबंदी कायदा होता. १९५९ च्या त्या एकाच अधिनियमाने मुंबईचा कायदा राज्याच्या उरलेल्या भागांना लागू केला आणि त्यात रक्ततपासणीची कलमेही घातली. म्हणजे विदर्भात हा कायदा आला तोच रक्ताची कुपी हातात घेऊन.

कलम ६६ च्या नव्या पोटकलमाने आकडा दिला : रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल आढळले, तर ते औषधातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. कलम १२९-अ ने पोलिसाला संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरसमोर नेण्याचा अधिकार दिला. त्याने विरोध केल्यास आवश्यक तेवढे बळ वापरण्याचीही मुभा दिली.

परंतु बळ देताना शासनाने स्वतःचेही हात बांधून घेतले, आणि ते बंधन मोठे सूक्ष्म होते. १९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांत जवळजवळ पाककृतीसारखा तपशील आहे. पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी. रक्त काढण्याच्या कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलला स्पर्शही होऊ नये. शिरेतून निदान ५ सीसी रक्त घ्यावे. गोठू नये व नासू नये यासाठी द्रव्ये घातलेल्या कुपीत ते ओतून कुपी जोरात हलवावी. मग मोहोर, लेबल, ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र, आणि रक्त काढल्यापासून सात दिवसांत परीक्षकाकडे पोच. इंजेक्शनपूर्वी स्पिरिटचा बोळा फिरवण्याची दवाखान्यातली साधी सवय इथे पुरावा बिघडवू शकते, हे नियम करणाऱ्याने ओळखले होते.

हे बारकावे कागदावरच राहिले नाहीत. उखा कोल्हे नावाच्या वाहनचालकाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. निकाल १९६३ च्या अहवालांत छापलेला आहे. अपघात झाला होता, रक्त काढले होते, अहवाल प्रतिकूल होता. मात्र रक्त काढल्यापासून ते परीक्षकाकडे रवाना होईपर्यंत कुपी कोणाच्या ताब्यात होती, याचा पुरावाच नोंदीवर नव्हता. न्यायालयाने अहवाल सरसकट फेटाळला नाही. १२९-अ खेरीज अन्य मार्गाने मिळालेला अहवालही पुराव्यात येऊ शकतो, असे बहुमताने म्हटले. मात्र मधल्या दिवसांचा हिशेब साक्षीपुराव्याने भरून निघायला हवा, हेही स्पष्ट झाले. पुढे १९७१ मध्ये बचूभाई हसनअली करयानी यांच्या खटल्यात न्यायालय उलट दिशेने त्याच ठिकाणी पोहोचले. तिथे रक्त वा लघवीची तपासणी झालीच नव्हती. श्वासाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणे, एवढ्यावरून मद्यपान निश्चित धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. सारांश एवढाच की महाराष्ट्रातल्या साध्या वाहनचालकाला सत्तरच्या दशकाच्या आरंभी जे संरक्षण मिळाले होते, ते कागदोपत्री तरी बऱ्यापैकी भक्कम होते.

त्याच वेळी सैनिक कुठे होता?

घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्याच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९६३ मध्ये शिपाई राम सरूप यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आर्मी ॲक्टमधील प्रत्येक तरतूद याच अनुच्छेदाखाली झाली असे मानावे. म्हणजे मूलभूत हक्काशी विसंगत म्हणून ती सहसा पाडता येणार नाही. घटनेतच कोर्ट मार्शलच्या निकालांना सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अनुमतीच्या अपिलापासून आणि उच्च न्यायालयाच्या देखरेखीपासून वगळलेले आहे. नमुना देण्यास नकार द्यावा, तर तोही मार्ग अरुंद. ४ ऑगस्ट १९६१ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात सांगितले होते की हस्ताक्षराचा किंवा बोटाच्या ठशाचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. रक्त-लघवीला हाच तर्क लागू होतो.

तरीही शिपाई पूर्णपणे उघड्यावर नव्हता. आर्मी ॲक्टचे १३३ वे कलम कोर्ट मार्शललाही पुराव्याचा कायदा लावते. म्हणजे कुपी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न तिथेही गैरलागू नाही. आर्मी रूल्सचा २२ वा आणि २३ वा नियम खटल्यापूर्वीच आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी करू देतो. चौकशीत सैनिकाच्या चारित्र्याला वा लष्करी लौकिकाला बाध येणार असेल, तर १८० व्या नियमानुसार त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी द्यावीच लागते. हक्क होते. ते पाळले नाहीत तर दाद कोठे मागायची, एवढेच नव्हते.

ही उणीव न्यायालयाने २५ ऑगस्ट १९८२ रोजी स्पष्ट शब्दांत दाखवली. लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांची याचिका फेटाळतानाच न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले की पुरावा पुन्हा तपासू शकेल असे एकही अपील सैनिकाला नसणे ही डोळ्यांत भरणारी त्रुटी आहे. याचिका हरली आणि निकाल इतिहासात राहिला.

पाच वर्षांनी रणजित ठाकूर यांचा निकाल आला. हे सिग्नलमन. त्यांनी तक्रारीचा अर्ज मधली पायरी ओलांडून थेट वरिष्ठांकडे पाठवला, म्हणून कमांडिंग ऑफिसरने २८ दिवसांची सश्रम कैद दिली. कैदेत असताना त्यांनी हुकूम होऊनही जेवण नाकारले. मग समरी कोर्ट मार्शल भरले आणि त्यात ज्याच्याशी हा सारा तंटा होता तोच अधिकारी बसला. एक वर्ष कारावास आणि बडतर्फी. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व रद्द केले. पक्षपात आहे की नाही हे न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला विचारून ठरवायचे नसते, समोर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटेल ते पाहायचे असते; आणि शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी लागते. या निकालात कुपी नाही, प्रयोगशाळा नाही. तरीही आपल्या अनारसे खाल्लेल्या शिपायाला सर्वांत जास्त उपयोग याच निकालाचा आहे. नमुना घेण्याचा हुकूम देणारा, अहवालावर विश्वास ठेवून आरोप ठेवणारा आणि शेवटी निवाडा करणारा एकच असेल, तर अहवालाची छाननी कोण करणार?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही, हे दाखवणारा मोठा धडा त्याच दशकात अमेरिकेत घडला. २६ मे १९८१ रोजी निमित्झ या विमानवाहू नौकेवर विमान कोसळून १४ जण ठार झाले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचा अंश आढळला. वर्ष संपण्यापूर्वी लघवीचा अहवाल कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरण्याची परवानगी मिळाली आणि प्रयोगशाळांवर नमुन्यांचा पूर लोटला. मेरीलँडमधील फोर्ट मीड येथील लष्करी प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालांविषयी तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा लष्कराने तज्ज्ञांची समिती नेमली. डिसेंबर १९८३ च्या तिच्या अहवालाने हाहाकार उडवला. नमुन्यांच्या ताब्याच्या नोंदी अपुऱ्या, प्रयोगांची कागदपत्रे सदोष. हजारो ‘सदोष’ सैनिकांचे अहवाल शास्त्रीय वा कायदेशीर कसोटीला उतरत नव्हते. यंत्रे खोटे बोलत होती असे नव्हे. कुपीवरचे नाव आणि कुपीतले द्रव्य एकाच माणसाचे, हेच खात्रीने सांगता येत नव्हते. १९८४ मध्ये लष्कराने सैनिकांना पत्रे पाठवून नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज करण्याचा मार्ग खुला केला. काहींची कारकीर्द तोवर संपलेली होती.

लघवीच्या तपासणीत आणखी एक पेच आहे, आणि भारतीय शिपायाच्या बाबतीत तो फार बोलका ठरतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ‘गांजा’ म्हणजे झाडाचा फुलोरा असे ठरवले. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या. म्हणून त्या कायद्याच्या नजरेत पानांची भांग गांजा नाही, मग राज्याचा दारूबंदी कायदा तिच्यावर वेगळे नियंत्रण ठेवो. लघवीला मात्र हा भेद कळत नाही. महाशिवरात्रीची थंडाई आणि चिलीम, दोहोंचा अवशेष तिथे एकच. नित्य सेवन करणाऱ्याच्या शरीरात तो कित्येक आठवडे राहतो. म्हणजे द्रव्य कधीतरी शरीरात गेले, एवढेच लघवी सांगते. माणूस त्या क्षणी नशेत होता का, हे तिला सांगता येत नाही. आणि ४८ वे कलम तर अवस्थेविषयी बोलते. केवळ लघवीच्या अहवालावर त्या कलमाखालचा आरोप टिकणे अवघड आहे. म्हणूनच आरोपपत्रात ४८ वे कलम आहे की शिस्तीला बाधक वर्तनाचे ६३ वे, हे सर्वप्रथम पाहावे लागते. ६३ वे कलम अतिशय व्यापक आहे आणि त्याची कमाल शिक्षा सात वर्षे.

अल्कोहोलचे गणित याच्या उलट चालते. ते काही तासांत रक्तातून ओसरते; उशीर झाला की निर्दोष असल्याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. शिवाय एकाच शिपायाला तीन मापे लागू. मोटारसायकलवर असताना मोटार वाहन कायद्याची १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा, दारूबंदी कायद्यात सिद्धतेचा भार फिरवणारी ५० मिलिग्रॅमची रेषा, आणि बराकीत कोणताच आकडा नाही. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून संपूर्ण दारूबंदीचा. गंमत अशी की देशातील एक मोठे दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात, पुलगावला आहे. मराठीतल्या ‘दारू’ शब्दाचे दोन्ही अर्थ इथे शेजारी शेजारी नांदतात.

बेदी निकालातली त्रुटी भरून निघायला पंचवीस वर्षे लागली. २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. पंधराव्या कलमाखाली कोर्ट मार्शलविरुद्ध अपील करता येते आणि न्यायाधिकरण पुराव्यात शिरू शकते. निष्कर्ष टिकण्याजोगा नसेल, तर तो रद्द करू शकते. मात्र कायद्याच्या व्याख्येत एक बारीक चाळणी आहे. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कारावास झाला असेल, तरच न्यायाधिकरणाचे दार उघडते. त्याहून लहान शिक्षा बाहेर राहतात.

आणि शिपायाचे नुकसान पुष्कळदा त्या लहान शिक्षांनीच होते. कमांडिंग ऑफिसर खटल्याविना, ८० व्या कलमाखाली, २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. तिची नोंद आचरणपत्रकात लाल शाईने होते. अशा चार लाल नोंदी झाल्या की सेवेची गरज उरली नाही म्हणून घरी पाठवण्याची प्रथा पडली होती. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. बाराव्या-तेराव्या वर्षी घरी पाठवलेल्या माणसासाठी ही कोरडी प्रशासकीय बाब नसते. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार हा काही जादूचा आकडा नव्हे. आधी चौकशी व्हावी, सैनिकाला आपली बाजू मांडता यावी, आणि त्याने किती वर्षे, किती खडतर ठिकाणी सेवा केली याचा विचार व्हावा. पुढच्याच वर्षी, विश्वप्रिय सिंग यांच्या खटल्यात, न्यायालयाने समरी कोर्ट मार्शललाही लगाम घातला. ते अपवाद आहे. तातडी असेल तरच भरवावे, आणि तातडी काय होती ते लिहून ठेवावे. महिनाभर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहिली गेली असेल, तर तातडी कोणती, असा प्रश्न शिपायाचा वकील आता विचारू शकतो.

उच्च न्यायालयाचे दार मध्यंतरी जवळजवळ लागले होते. २०१५ च्या एका निकालामुळे न्यायाधिकरणानंतर थेट सर्वोच्च न्यायालयच गाठावे लागेल असे चित्र होते, आणि तिथे अपिलाची अनुमती मिळणे कठीण. २१ मार्च २०२३ रोजी परशोत्तम दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२६ व्या अनुच्छेदाखालील उच्च न्यायालयाचा अधिकार कायम असल्याचे स्पष्ट केले. वर्धा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो. कारंज्याहून त्याच महामार्गाने पूर्वेकडे जाणारी एसटी तिथे पोहोचवते.

त्या शिपायाने सोबत काय न्यायचे, हे मात्र १९५९ च्या नियमांनी आणि उखा कोल्हेच्या खटल्याने केव्हाच सांगून ठेवले आहे. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणासमोर घेतला. कुपीवर मोहोर कोणी लावली आणि लेबलवर सही कोणाची. ती कोणाच्या कपाटात किती दिवस होती. प्राथमिक चाचणीनंतर अधिक अचूक पद्धतीने दुसरी चाचणी झाली का. नमुन्याचा उरलेला भाग जपून ठेवला आहे का. मूळ अहवालाची प्रत खटल्यापूर्वी मिळाली होती का. खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी, रजेचा पास, आणि दिवाळीत घरी काय खाल्ले हे सांगू शकणारी, अनारसे थापणारी आई.